आबांची मोटार आणि कुंभारीण

होडीची मोटार चालू झाली की आबा, म्हणजे माझे वडील, आधी मागं वाकायचे. आवाज नंतर, पेट्रोल नंतर. मोटारीच्या कुशीतून करंगळीएवढी पाण्याची धार पडायची. तिच्याखाली ते उजवा तळहात धरायचे आणि डोळे बारीक करून थांबायचे. शाळेला जाताना मी हे रोज बघितलंय. दप्तर मांडीवर, शेजारी कुणाची तरी शेळी, पुढं बाजाराच्या पाट्या, दोन सायकली आडव्या घातलेल्या, आणि होडीतली सगळी माणसं आबांच्या हाताकडं बघत गप्प बसलेली. "कोमट हाय," आबा म्हणायचे. मग होडी किनारा सोडायची.

ज्यांनी असली मोटार पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती होडीच्या मागच्या फळीला आवळून टांगायची असते. वर इंजिनाचं डोकं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. पायाला जाळी असते, तिच्यातून धरणाचं पाणी आत ओढलं जातं. एक रबरी फिरकी ते पाणी वर ढकलते, ते इंजिनाच्या अंगावरून फिरतं, त्याची धग घेतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. नव्या मोटारींना पाणी सोडायला दुसऱ्याही वाटा असतात म्हणे. आमची जुन्या काळातली, तिला ती एकच वाट. धार कोमट पडली तर सगळं ठीक. हाताला चटका बसला तर आत पाणी कमी पडतंय. आणि पडलीच नाही तर मोटार तिथल्या तिथं बंद करायची, मग पल्याडच्या काठावर नवरदेव का ताटकळत उभा असेना.

आमचं गाव उजनीच्या पाण्याच्या काठाला, करमाळ्याच्या अंगाला. आजोबांची काळी रानं धरणात गेली. आबांच्या वाट्याला नुसतं पाणी आलं, तेव्हा त्यांनी पाण्यावरच धंदा मांडला. पल्याडचं गाव इथून डोळ्यांना दिसतं. रस्त्यानं जायचं म्हटलं तर दोन एसट्या बदलून अख्खा दिवस मोडायचा, होडीनं जाऊन आलं तरी चुलीवरची डाळ शिजलेली नसायची. मोटारीचं काम आबा कुर्डुवाडीच्या एका फिटरकडं बसून शिकले होते. आई मोटारीला सवत म्हणायची. "माज्या अंगावरनं तुमी कदी असा हात फिरवला न्हाय," असं ती चारचौघांत म्हणायची आणि आबा कान लाल करून पाना शोधायला लागायचे.

त्या सकाळी आठवल्या की मला अजून पेट्रोल-ऑइलचा मिसळलेला वास येतो. आबांच्या सदऱ्याला तो कायमचा होता, लग्नाच्या सदऱ्यालासुद्धा. माझे हात बारीक, म्हणून मोटार खोलायची वेळ आली की दादाला सोडून मला हाक यायची. दादा माझा थोरला भाऊ, त्याला याचा राग यायचा. मी मुद्दाम काळे हात घेऊन त्याच्यासमोरून जायचे. काय दिवस होते! सोलापुरात नोकरीला लागल्यापासून माझ्या हाताला शाईखेरीज काही लागलं नाही, आणि आता तर शाईही गेली, सगळं कॉम्प्युटरवर.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायची आहे त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टी अडल्या होत्या. एक मोटार, दुसरा पाळणा.

पाळण्याचं आधी सांगते. दादाचं लग्न उशिरा झालं. पाण्याकाठच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरतात. वहिनी वैरागकडची, तिथं विहिरीपलीकडं पाणी माहीत नाही. पण आली ती अशी आली की महिन्याभरात होडी वल्हवायला लागली. जिभेची तिखट, मनाची मऊ. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तपासण्यांसाठी दोघं सोलापूरला माझ्याकडं येऊन राहायची. दोघांचेही रिपोर्ट चांगले यायचे. दोष सापडत नाही म्हटल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, पण तसं होत नाही, उलट जिवाला जास्त घोर लागतो. गावातल्या बायकांनी विचारलं की वहिनी म्हणायची, "बारशाला बोलवायला मी इसरणार न्हाय, तुमी यायचं इसरू नगा." बायका हसायच्या. मग ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही, आणि आमचे आबा उगीचच तिच्या मागं मागं फिरून "चा करतीस का", "पाणी आणू का" असं काहीबाही विचारत राहायचे. आई गेल्यापासून त्या घरात आबांना खरं समजून घेणारी तीच होती, आणि तिला समजून घेणारे आबा.

आता मोटारीचं. त्या वर्षी थंडीत आबांना न्यूमोनिया झाला. ते बरे होईपर्यंत मोटार पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली पडून राहिली. दादा शेजाऱ्याची मोटार मागून फेऱ्या मारत होता. उन्हं तापायला लागली तसे आबा उठले, पोतं काढलं, मोटार होडीला लावली. दादा घाईत धार न बघताच दोन मोटारसायकली आणि सातआठ माणसं घेऊन निघाला तो निम्म्या पाण्यात थांबला. डोक्यावरचा रंग भाजल्यासारखा वास सुटला होता. त्यानं ओंजळभर पाणी मारलं तर तापल्या तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं. वल्ही मारत सगळे परत आले.

धार पडत नव्हती. धार पडत नसली की पहिलं काम एकच असतं, बाहेरच्या भोकात बारीक तार घालून बघायचं. काडी-कचरा तिथंच अडकतो. हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. दादा तार घेऊन आला तर आबा म्हणाले, "भोक मी बघितलंय. मोकळं हाय. आत बघा."

आबांनी बघितलंय म्हटल्यावर कोण परत बघणार? दादानं जाळी साफ केली. तिच्यात पाणवेल अडकली होती, ती काढली. पुन्हा तापली. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त टाकून बघितलं, नुसता धूर झाला. दादा वैतागला. त्याचंही चुकत नव्हतं, खंडानं केलेली केळीची बाग, पंचायतीची कामं, वरून ही म्हातारी मोटार. त्यानं मला फोन केला. "तू येऊन बघायची असंल तर बघ. रविवारी भंगारवाला टेम्पो घिऊन येतुय. मी नवी मोटार बगून ठिवलीय."

"आबा काय म्हणतात?"

"कायच न्हाय म्हणत. दिऊन टाक म्हणत्यात."

आबा मोटार देऊन टाक म्हणतात? ज्यांनी आईच्या तेराव्याला सुद्धा संध्याकाळी जाऊन तिच्यावर पोतं टाकलं होतं, ते? मला वाटलं आजारानं माणसाची उमेदच गेली. त्याच शनिवारी मी एसटीत बसले.

रविवारी सकाळी मी आणि दादानं शेडच्या सावलीत मोटार उलटी टाकली. आबा समोरच्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. एरवी दुसऱ्या कुणाचा पाना मोटारीला लागला तर त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. "आरं आस्ते, तिला दुखतंय." त्या दिवशी शब्द नाही. मी दोनदा विचारलं, "आबा, पाय सोडवू का?" तर म्हणाले, "सोडव की. तुमीच बगा आता."

पाय सोडवला. फिरकीचं घर उघडलं. फिरकी जुनी होती, एक पातं कडेला चिरलेलं, पण अगदीच टाकाऊ नव्हती. तरी म्हटलं संशय नको. आबांच्या पत्र्याच्या डब्यात नवी होती, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली, ती बसवली. पाती ज्या अंगाला वळलेली असतात तिकडं बघून बसवावी लागते, हे माझ्या हातांना अजून आठवत होतं. मला स्वतःचाच जरा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. दादा टेम्पोवाल्याला आणायला फाट्यावर गेला. जाताना म्हणाला, "उगा जीव लावू नगंस. तिचं आयुष्य सपलंय."

मी एकटीच राहिले. पाय सोडवल्यावर वर इंजिनात जाणारी पाण्याची नळी उघडी पडली होती. तिला तोंड लावलं आणि फुंकलं. हवा जाईना. गाल दुखेपर्यंत फुंकलं, तरी नाही. म्हणजे खालचं सगळं ठीक होतं, फिरकी ठीक, जाळी ठीक. पाणी वर चढत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. आणि बाहेरची वाट एकच.

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि त्या भोकाला डोळा लावला. आत माती होती. गाळ नव्हे. गाळ काळा असतो, ओला असतो, वास मारतो. ही भुरकट, वाळलेली, गुळगुळीत लिंपलेली माती, मधोमध कुणी बोटानं दाबून बंद केल्यासारखी. आमच्या शेडच्या तुळयांवर असली मातीची घरं लहानपणापासून बघितलेली. कुंभारणीचं घर. ती बारीक कंबरेची, निळसर काळी माशी. ओली माती तोंडात धरून आणते, घर बांधते, आत अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते.

मी हसले. मला इतकं बरं वाटलं! एवढ्याशा मातीपायी आम्ही सगळी मोटार उघडून बसलो होतो. "आबा," मी म्हटलं, "सापडलं. कुंभारीण बसलीय आत. तुम्ही कुठलं भोक बघितलं होतं?" आणि तार उचलली.

आबा बाजेवरून एवढ्या झटक्यानं उठले की बाज कलंडली. आजारातून उठलेला माणूस, माझ्यापर्यंत कसा पोचला कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे त्ये."

"अहो, पण..."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना. मला ठावं हाय आत काय हाय. तुजा दादा वल्ही मारत परत आला त्याच दिशी बघितलंय मी."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं म्हणतात, कुंभारीण ज्या घरात घर बांधते त्या घरात पाळणा हलतो. तिचं घर कुणी फोडत नाही. आई याच्यावर फार विश्वास ठेवायची. दादाच्या वेळी देवळीत होतं आणि माझ्या वेळी दारामागं, असं ती छातीठोकपणे सांगायची. आणि आबा तिची टिंगल करायचे. "पंचायतीच्या हापिसात धा घरं बांधल्यात तिनं. ग्रामसेवकाला किती पोरं हुत्यात बघू की." हेच आबा. हे असलं बोलणारे आमचे आबा.

"यंदाच बांधलंय तिनं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. "शेडात इतकी जागा हाय, तुळया हायत्या, भिताडं हायत्या. ती हितंच का आली? माज्या मोटारीत?"

मला राग आला. रडू यायच्या आधी मला नेहमी राग येतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "आबा, दादा टेम्पो घेऊन येतोय. भंगारवाला काय कुंभारणीला पोटाशी धरून नेणार आहे? हातोड्यानं तुकडे करील तो. मोटार पण जाणार आणि घर पण जाणार."

"त्यानं फोडलं तर त्यानं फोडलं." आबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. "आपल्या घरातल्या हातानं नगं."

म्हणजे मोटार भंगारात घालायला हा माणूस तयार झाला होता. जिच्या धारेखाली आयुष्यभर हात धरला, ती मोटार. एका माशीच्या मातीसाठी, आणि त्या मातीपलीकडं असेल-नसेल अशा एका गोष्टीसाठी. हसणाऱ्यानं हसावं, पण त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"कसलं घर, मामंजी?"

वहिनी मागं उभी होती. न्याहारी घेऊन आली होती, भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधलेली. किती ऐकलं होतं कोण जाणे. आबांनी मनगट सोडलं आणि पाण्याकडं तोंड केलं. मी मोटारीच्या आडवी उभी राहिले, लहान पोर काही लपवतं तशी, पण ती काय मला हटवल्याशिवाय राहणार? तिनं फडकं बाजेवर ठेवलं, मला खांद्यानं बाजूला सारलं, वाकून बघितलं. माझ्या हातातल्या मोबाईलचा टॉर्च अजून चालूच होता.

बराच वेळ ती वाकलेलीच होती.

मग सरळ झाली आणि आबांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "म्हणून मोटार भंगारात घालाय निघालाव व्हय."

आबा खाली वाकून पाना शोधायला लागले.

"मला तर वाटलं हुतं, आजारपणानं तुमचं मनच उडालं. मी रोज देवाला हात जोडत हुते, मामंजीचं मन मोटारीवर परत यिऊ दे म्हणून."

तिनं डोक्यातला आकडा काढला. अंबाडा सुटून पाठीवर आला. आकडा दातात धरून तिनं सरळ केला. मी म्हटलं, "वहिनी, मी करते, तू नको." आबा वळले. "पोरी, तू न्हाय," ते म्हणाले. त्यांनी हात पुढं केला, पण तिला अडवायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मग कुणी करायचं?" वहिनी म्हणाली. "वाट बगायला मीच. लोकांचं ऐकून घ्यायला मीच. आता ह्या मातीच्या घराची राखण बी माज्याच नावानं? काठावर माणसं उनात उबी हायती, मामंजी. त्यांनी काय केलंय?"

आणि तिनं आकडा आत घातला.

माती आधी वाळलेली आली, मग जराशी ओली. ती खरवडत राहिली. चेहरा अगदी साधा, ज्वारी पाखडताना असतो तसा, फक्त खालचा ओठ आत ओढलेला. "फुंका, वन्सं," ती म्हणाली. मी नळीला तोंड लावून सगळा जीव एकवटून फुंकलं. भोकातून मातीचा लगदा उडाला आणि तिच्या पदरावर पडला. त्यात काय होतं, काही होतं की नव्हतं, मी बघितलं नाही. तिनं बघितलं असावं. तिनं तो पदर हळूच झटकला, लिंबाच्या बुंध्याशी, पायाखाली येणार नाही अशा जागी.

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. वहिनी म्हणाली, "आवं, बोल्ट लावा की आदी."

पाय परत जोडला. दादा भंगारवाल्याला घेऊन आला तेव्हा मोटार निळ्या बॅरलमध्ये उभी होती, गळ्यापर्यंत पाणी. दादानं काय झालं विचारलं, कुणी सांगितलं नाही. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि परत विचारलं नाही. त्यानंच दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटार लागली. सगळे भोकाकडं बघत होतो. आधी नुसतं थुंकल्यासारखं झालं, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ, करंगळीएवढी धार.

आबांनी सवयीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. "तू धर," ते वहिनीला म्हणाले.

तिनं तळहात धारेखाली धरला. डोळे बारीक केले, अगदी त्यांच्यासारखे.

"कसं हाय?"

"कोमट हाय, मामंजी."

आबांनी मान हलवली. "मग निगा. लोकं थांबल्यात." एवढंच म्हणाले आणि कलंडलेली बाज सरळ करायला गेले. ती सरळ करायला त्यांना खूप वेळ लागला. भंगारवाला चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

पाळणा पुढंही हलला नाही. कुणाला वाटेल त्या आकड्यामुळं. आबांना एकदा तसं वाटलं होतं, ते म्हणालेही तसं, आणि वहिनीनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की परत त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांच्या वाऱ्या तिनंच थांबवल्या. दादा केळीत रमला. आणि होडी तिनं घेतली.

आता पल्याडची माणसं तिला होडीवाल्या वहिनी म्हणतात. मी सुट्टीला जाते तेव्हा पहिली फेरी तिच्यासोबत करते. मोटार तीच आहे, होडीत शेळ्या कमी आणि मोटारसायकली जास्त. तो पेट्रोल-ऑइलचा वास आता वहिनीच्या लुगड्याला येतो, आणि मला तिच्याजवळ बसलं की उगीचच दप्तर मांडीवर असल्यासारखं वाटतं. आबांना आता कमी दिसतं. ते लिंबाखाली बाजेवर बसलेले असतात. मोटार लागली की तिथून ओरडतात, "कसं हाय?" आणि ती हात धारेखाली धरून ओरडते, "कोमट!" त्याशिवाय होडी सुटत नाही.

संध्याकाळी ती मोटार शेडमध्ये आणते, पुसते, पोतं टाकते. पण त्याआधी जुन्या लुगड्याची एक चिंधी घट्ट पिळून त्या भोकात खोचते, कुणी आत जाऊ नये म्हणून. मागच्या वेळी मी बघितलं, वरच्या तुळईवर कुंभारणीनं नवं घर बांधायला घेतलं होतं. ओली माती अजून चमकत होती. मी नुसतंच वर बघितलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मग तुळईकडं.

"बांदू दे की," ती म्हणाली. "तिला बी घर पायजेच." आणि लिंबाखाली जाऊन तिनं आबांना घरात न्यायला हात दिला.